वर चढले नाही, मग माझी सफर फुकट गेली का?

पत्र:

ताई, मी १९ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी सेल ट्रेनिंगच्या, म्हणजे शिडाचं जहाज चालवायला शिकवणाऱ्या, जहाजावरून परत आले. तीन डोलकाठ्यांचं जहाज, २८ दिवस, आम्ही ३६ ट्रेनी, तीन वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, वाटलेले. माझा वॉच १२ ते ४, दुपारचा आणि मध्यरात्रीचा. बाबांनी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून मला पाठवलं, कारण मी घाबरट आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की अशा सफरीने मुलं आमूलाग्र बदलतात.

मला पहिले पाच दिवस बोट लागली. सहाव्या दिवशी डोलकाठीवर चढले, पहिल्या प्लॅटफॉर्मपर्यंत. तिथे पाय लटलटायला लागले, मी सांगितलं मला खाली जायचंय, आणि उतरले. त्यानंतर परत चढले नाही. माझ्या वॉचमधले बाकी अकराही जण वर यार्डवर जाऊन शिडं गुंडाळून यायचे. मला डेकवर काहीबाही द्यायचे, यार्ड फिरवताना दुसऱ्या बाजूचा दोर ढील द्यायला उभं करायचे, ड्रिलला, म्हणजे संकटाच्या सरावाला, डोकी मोजायला सांगायचे, लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत, वारा आणि बॅरोमीटर लिहायचं, पुढच्या वॉचला उठवायचं. हिला कुठेतरी गुंतवायला हवं म्हणून देतायत हे मला कळत होतं. शेवटच्या रात्री सगळे गोल करून बसले आणि प्रत्येकाने सांगितलं की सफरीने आयुष्य कसं बदललं. एकदोघं रडली. माझी पाळी आली तेव्हा मी 'छान वाटलं' एवढंच म्हटलं.

आता बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात, आत्या विचारते काय गं, झालीस का धीट. रात्री साडेअकराला जाग येते आणि रडू येतं. परवा आत्याकडे सगळे जमलो होतो, चौदा माणसं, अचानक लाइट गेली आणि मी सवयीने अंधारात सगळ्यांना मोजायला लागले. तेरा भरले. आजी बाथरूममध्ये होती, तिला अंधारात कडी सापडत नव्हती, मी टॉर्च घेऊन गेले. नंतर सगळे हसले, बाबा म्हणाले एवढा खर्च करून पोरगी मोजणी शिकून आली. हसतच म्हणाले, पण मला लागलं.

जहाजाकडून मेल आलाय, पुढच्या सफरीला व्हॉलंटियर हवेत, फॉर्मची मुदत महिनाअखेर. वर चढता न येणाऱ्या मुलीने तो भरावा का? आणि बाबांना काय सांगू?

उत्तर:

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच वाक्याशी अडले, 'हिला कुठेतरी गुंतवायला हवं म्हणून देतायत'. हे तुला कोणी सांगितलं का? पत्रात तरी तसं कुठे नाही. तू स्वतःच ठरवलंस. म्हणून आधी त्याबद्दलच बोलते, कारण मी विसाव्या वर्षी अशाच जहाजावर ट्रेनी होते आणि नंतर काही सीझन वॉच लीडर म्हणून गेले, म्हणजे ही कामं मी केलीयेत पण आणि वाटलीयेत पण.

ढील देणं घे. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, चौकोनी शिडांच्या जहाजावर यार्ड म्हणजे डोलकाठीला आडवी लावलेली लांबच लांब काठी, जिच्यावर शीड बांधलेलं असतं, तिच्या दोन्ही टोकांना एकेक दोर असतो, त्याला ब्रेस म्हणतात. वारा फिरला की यार्ड फिरवायचे. एका बाजूला सात-आठ जण ओळीने उभे राहून आरोळ्या देत ओढतात, मजा येते, फोटो त्यांचेच निघतात. दुसऱ्या बाजूला एकच माणूस असतं. दोराचा पिनेभोवती, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीभोवती, वेढा घेतलेला, टोक दोन्ही हातांत, हात पिनेपासून वीतभर लांब कारण बोटं आत गेली तर चिरडतील, नजर वर यार्डवर आणि कान मेटच्या, म्हणजे हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आवाजाकडे, आणि पलीकडचे जेवढं ओढतील बरोब्बर तेवढाच दोर सोडायचा. कमी सोडला तर आठ माणसं जीव तोडून ओढतायत आणि यार्ड जागचं हलत नाही. जास्त सोडला आणि त्याच वेळी शिडात वारा भरला तर ते सगळं धूड एका झटक्यात फिरतं, आणि तेव्हा वर कोणी असेल तर... पुढचं तुला सांगायला नको.

ओढायला मी कोणालाही उभं करायचे, जो मोकळा दिसेल त्याला. ढील द्यायला कोणाला ठेवायचं हे मात्र पहिले तीन-चार दिवस माणसं बघून ठरवायचे. बडबड करणारा नको, पटकन कंटाळणारा नको, आणि मुख्य म्हणजे घाबरून दोर सोडून देणारा नको. तुझ्या जहाजावर कोणी काय विचार केला ते मी बघितलेलं नाही, पण हे काम आठवडेच्या आठवडे एकाच मुलीकडे ठेवलं तर त्यात कीव नसते, कीव करून ढील देता येत नाही. तुझ्या तळव्यांवर करंगळीच्या खालच्या बाजूला कातडी अजून जाड असेल बघ, हात लावून बघ आत्ता.

आता डोलकाठी. तू अगदी सहज लिहून गेलीस की पहिल्या प्लॅटफॉर्मपर्यंत चढले. अगं, त्या प्लॅटफॉर्मच्या खाली दोरांची शिडी बाहेरच्या अंगाला कलते, म्हणजे शेवटचे काही पाय पाठ समुद्राकडे करून, अंग मागे झोकून, हातांवर भार घेऊन चढावं लागतं. पूर्वी बऱ्याच जहाजांवर ते टाळायला प्लॅटफॉर्ममध्येच डोलकाठीला लागून एक भोक ठेवलेलं असायचं, नवखे त्यातून जायचे. तू जर बाहेरून गेली असशील तर बहुतेकांना सगळ्यात भीती वाटते तो तुकडा तू पाच दिवस पोटात काही न टिकलेलं असताना पार केलास आणि मग तिथूनच स्वतः उतरलीस, जिथे पाय कुठे ठेवायचा ते उतरताना दिसतही नाही.

आणि तू तोंडाने बोललीस, मला खाली जायचंय म्हणून. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी, म्हणे.

याचं महत्त्व मला कसं कळलं ते सांगते. माझ्या वॉचमध्ये एक मुलगा होता, दणकट, सगळ्यांत हसतमुख. त्यालाही उंचीची भीती होती पण त्याने ती कोणालाच कळू दिली नाही, सगळ्यांबरोबर वर गेला, यार्डच्या पार टोकाला गेला आणि तिथे त्याने यार्डला जी मिठी मारली ती सुटेचना. वारा वाढत चाललेला, अर्धवट गुंडाळलेलं शीड फडफडायला लागलं, त्याच्या शेजारचे एकेक करून परत आले, तो तिथेच. शेवटी मेट वर गेला आणि त्याच्या शेजारी पायाखालच्या दोरावर उभा राहून त्याच्या घरच्या कुत्र्याबद्दल विचारत राहिला, नाव काय, कुठे झोपतो, पावसात बाहेर जातो का, मी खालून ऐकत होते, सव्वा तास हे चाललं. मुलगा सुखरूप उतरला. शीड फाटलं. त्याला कोणी रागावलं नाही, पण मला स्वतःचा राग आला की मी त्याला आधी विचारलं का नाही, सगळ्यांसारखीच मीही त्याच्या हसण्यावर गेले. त्यानंतर माझ्या प्रत्येक वॉचला पहिल्याच दिवशी सांगायचे की 'मला खाली जायचंय' हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा, आत्ता, डेकवर, सगळ्यांनी. कारण वर गेल्यावर ते पहिल्यांदा म्हणणं फार अवघड असतं. तुला ते कोणी न शिकवता आलं.

डोकी मोजण्याबद्दल. ड्रिल रटाळ असतं, खरंय, लाइफजॅकेट घालून उभं राहायचं, बारा, बारा, बारा. १७ फेब्रुवारी २०१० ला कॉन्कॉर्डिया नावाचं शिडाचं जहाज, ज्यावर बहुतेक सगळे शाळा-कॉलेजचे विद्यार्थी होते, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून बरंच दूर असताना वाऱ्याच्या तडाख्याने आडवं झालं आणि बुडालं. जहाजावर ६४ जण होते. सगळे लाइफराफ्टमध्ये उतरले, दीड दिवसाहून जास्त वेळ उघड्या समुद्रावर काढला, आणि ६४ च्या ६४ वाचले. अशा वेळी राफ्टमध्ये पहिला प्रश्न एकच असतो, किती जण आहोत आणि कोण नाहीये. ज्या माणसाला हा प्रश्न विचारायचा त्याचं गणित नुसतं बरोबर असून भागत नाही, त्याला प्रत्येकाचा चेहरा ठाऊक असावा लागतो, कोण कुठे झोपतो, कोण नेहमी उशिरा येतो. तू आजीला शोधलंस ते असंच. बाकीच्या बारा जणांना अंधारात आपापला फोन आठवला, तुला आजी आठवली. बाबा हसले ते जाऊ दे, त्यावर पुढे बोलते, पण ही गोष्ट तू मला 'एवढंच शिकले' म्हणून सांगतेयस याचं मला वाईट वाटलं. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेली ओळ ती आहे.

बोट लागण्याचं फार मनावर घेऊ नको. डोळे सांगतात केबिन स्थिर आहे, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो सगळं हलतंय, मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट वर येतं, यात धीट-घाबरट असं काही नसतं. अ‍ॅडमिरल नेल्सन, ज्याचं सगळं आयुष्य युद्धनौकांवर गेलं, त्याला शेवटपर्यंत बोट लागायची. शास्त्रज्ञ डार्विन बीगल या जहाजावर १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं होता आणि समुद्र खवळला की आडवा व्हायचा. तू पाच दिवसांत उभी राहिलीस. त्या पाच दिवसांत वॉचला जात होतीस की बंकमध्येच होतीस ते तू लिहिलेलं नाहीस, पण बादली जवळ ठेवून मध्यरात्री लॉग लिहिणारी मुलं मी बघितलीयेत, आणि तू त्यातली एक असणार असा माझा अंदाज आहे.

त्या शेवटच्या रात्रीच्या गोलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, मला तो प्रकार आवडत नाही. मी लीडर असताना माझ्या वॉचला कधी बसवलं नाही. अठ्ठावीस दिवस झोप अर्धवट, अंग दुखतंय, उद्या सगळे पांगणार, अशा वेळी कोणालाही भरून येतं आणि तोंडून मोठमोठी वाक्यं निघतात, ती खोटी नसतात पण ती त्या रात्रीची असतात. ज्याला शब्द लवकर सुचतात त्याचा बदल मोठा दिसतो आणि ज्याला सुचत नाहीत तो बिचारा आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजून घरी जातो, तुझ्यासारखा.

मुळात ही सगळी कल्पना कुठून आली ते बघ. दुसरं महायुद्ध चालू होतं, ब्रिटनची मालवाहू जहाजं टॉर्पेडो लागून बुडत होती. लॉरेन्स होल्ट नावाचा एक जहाज कंपनीवाला होता, त्याचं म्हणणं असं की लाइफबोटीत तरणीबांड पोरं आधी हाय खातात आणि वयस्कर खलाशी तगून राहतात, कारण त्यांनी लहानमोठ्या अडचणी आधी काढलेल्या असतात. त्यातून त्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाबरोबर १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोवीला मुलांची एक शाळा सुरू केली, आउटवर्ड बाउंड. पुढे जगभर हा विचार पसरला की सगळ्यांना खलाशी करायचं नाहीये, समुद्राचा उपयोग माणूस घडवायला करायचा. म्हणजे मूळ चिंता काय होती तर अडचणीत आपलं माणूस टिकेल का आणि शेजारच्याला टिकवेल का. डोलकाठीच्या टोकाचा त्यात संबंधच नव्हता.

१९५६ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्बेपासून पोर्तुगालच्या लिस्बनपर्यंत अशी ट्रेनिंगच्या शिडाच्या जहाजांची पहिली शर्यत झाली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं की हा या जहाजांना निरोपच आहे, एंजिनांपुढे शिडं कोण वापरणार. पण त्या शर्यती आजही होतात, आणि नियम असा आहे की जहाजावरची निम्मी माणसं तरी १५ ते २५ वयाची हवीत. आपल्या नौदलाने तर १९९७ मध्ये नवंकोरं शिडाचं ट्रेनिंग जहाज ताफ्यात घेतलं, तरंगिणी, आणि ते २००३-०४ मध्ये पृथ्वीला फेरी मारून आलं. त्या शर्यतींमध्ये पहिल्या आलेल्याला बक्षीस असतंच, पण खूप मानाची एक ट्रॉफी आहे जी मैत्री आणि सलोखा सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या जहाजाला देतात. १९७४ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन दिवसांत, ती क्रुझेन्श्टर्न या सोव्हिएत जहाजाला मिळाली. वेग किती, उंच कोण चढलं, हे ती देताना कोणी बघत नाही.

रात्री जाग येते त्याचं उत्तर सोपं आहे, तुझं शरीर अजून वॉचवर आहे. साडेअकरा म्हणजे तुमचा उठवण्याचा वेळ असणार, बारा वाजता डेकवर हजर राहायला. अठ्ठावीस दिवस पाळलेलं घड्याळ लगेच सुटत नाही. जाग आली की फोन हातात घेऊ नको, उठून पाणी पी, खिडकीपाशी उभी राहा, वारा कुठून येतोय ते बघ, परत झोप. रडण्याबद्दल मात्र थोडं सांभाळून बोलते. जहाजावर तुझी कोणालातरी सतत गरज होती, पावणेचारला तू उठवलं नसतंस तर पुढचा वॉच उठला नसता. घरी आल्यावर तू उठलीस काय नि झोपलीस काय, कोणाचं अडत नाही. ही पोकळी खरी आहे, मलाही आली होती, मी दोन महिने घरातल्यांशी धड बोलले नव्हते, सगळ्यांना वाटलं जहाजावर माझं काहीतरी बिनसलं, आणि मला सांगता येत नव्हतं की तिथे काहीच बिनसलं नव्हतं म्हणूनच इथे करमत नाहीये. तेव्हा मला एका गोष्टीने बाहेर काढलं, मी घरातलं एक काम पूर्ण अंगावर घेतलं, मदत म्हणून नाही, संपूर्ण, म्हणजे मी केलं नाही तर ते होणारच नाही असं. तू आजीची औषधं घे अंगावर. वेळा, डबी, संपत आली की आणणं, वहीत लिहिणं. लॉग लिहायची सवय आहेच. आणि तुझ्या वॉचमधल्या एकदोघांना फोन कर, वर चढणाऱ्यांना मुद्दाम कर, त्यांचे फोटो बघून तुला वाटतंय तेवढ्या मजेत ते नसणार. हे सगळं करूनही अजून दोन-तीन आठवड्यांनी रडू तसंच येत असेल, जेवण-झोप लागत नसेल, किंवा जमीन हलल्यासारखं वाटणं चालूच असेल तर डॉक्टरांकडे जा, टाळू नको.

आता बाबा. ज्या माणसाने दोन वर्षं पैसे बाजूला टाकले तो तुझ्यावर हसत नाहीये. त्यांनी कुठेतरी एक चित्र मनात रंगवलं होतं, मुलगी डोलकाठीच्या टोकावर, केस उडतायत, आणि ते चित्र त्यांना मिळालं नाही, आणि जे घडलं ते त्यांना दिसलेलंच नाही कारण तू सांगितलं नाहीस. 'छान वाटलं' एवढंच त्यांनाही म्हणाली असशील. त्यांना 'मी बदलले' किंवा 'मी नाही बदलले' यातलं काहीच सांगू नको, त्या वादात पडूच नको. एक दहा-बारा मीटर दोर घे. गॅलरीच्या कठड्याला किंवा झोपाळ्याच्या कडीला वेढा घे, एक टोक बाबांच्या हातात दे आणि आत्याला, भावंडांना, जे कोणी असतील त्यांना दुसऱ्या टोकाला ओढायला लाव, आणि बाबांना सांग, एका वेळी फक्त एक वीत सोडायचा, धक्का न बसता. पहिल्यांदा त्यांच्याकडून हातभर सुटेल. मग तू कर. मग सांग की असं रात्री दोन वाजता, अंधारात, ओल्या डेकवर, जहाज एका बाजूला कललेलं असताना. उंचीची भीती वाटते हे पण सांगून टाक, सरळ, तोंडावर, 'बाबा, मी वर जाऊ शकले नाही आणि मी तसं सांगून खाली आले.' आत्याला उत्तर द्यायची गरज नाही, तिला बोलायला विषय हवा असतो, तिच्या मनात काही नसेल.

फॉर्म. भर. पण का भरतेयस ते आधी स्वतःशी ठरव. या वेळी वर चढून दाखवायचंच म्हणून जाणार असशील तर नको जाऊस, अठ्ठावीस दिवस रोज त्या डोलकाठीकडे बघत काढशील आणि बाकीचं परत दिसणार नाही. तुला तो १२ ते ४ चा वॉच आठवून जावंसं वाटत असेल तर जा. चढता येत नाही म्हणून अडेल ही भीती काढून टाक. लॉर्ड नेल्सन नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं, १९८६ पासून तीस वर्षांहून जास्त चाललं, ते बांधलंच होतं अपंग आणि धडधाकट माणसांनी बरोबरीने चालवावं म्हणून, डेकवर व्हीलचेअर फिरायची, आणि बोलणारं होकायंत्र होतं म्हणून दृष्टी नसलेली माणसंसुद्धा सुकाणू धरायची. तुझ्या जहाजाला मेल करून मात्र विचार की व्हॉलंटियरला वर जाणं सक्तीचं आहे का, काही ठिकाणी काही पदांसाठी असू शकतं. ते हो म्हणाले तर गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, किंवा डेकचं दुसरं काम विचार. बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घे, त्या निघायच्या आधी सुरू कराव्या लागतात, उलट्या सुरू झाल्यावर गिळून फार उपयोग नसतो, आणि काहींनी झोप येते, तेव्हा कोणती तुला चालते ते जमिनीवर असतानाच बघून ठेव.

अनुभवाचा रकाना रिकामा सोडू नको आणि 'विशेष काही नाही' असलं तर मुळीच लिहू नको. एवढं लिही: २८ दिवस, १२ ते ४ वॉच. ब्रेसवर ढील. ड्रिलला वॉचची मोजणी. वारा आणि बॅरोमीटरचा लॉग. पुढच्या वॉचला उठवणे. पहिल्या प्लॅटफॉर्मच्या वर जात नाही.